इतकी मोठ्यानं रडली, की

फळ्यावर माझी आई होती.

खडूने लिहिलेली. सरांच्या त्या वळणदार अक्षरात. 'दी वुमन क्राइड सो लाउडली दॅट दी नेबर्स थॉट समबडी हॅड डाइड.' ती बाई इतकी मोठ्यानं रडली, की शेजाऱ्यांना वाटलं कुणीतरी मेलं. सरांनी 'सो' आणि 'दॅट' या दोन शब्दांखाली लाल खडूने रेघा मारल्या होत्या. अमुक इतकं झालं, की त्याचा परिणाम तमुक झाला, हे इंग्रजीत कसं सांगायचं, त्याचा तो धडा होता.

"सगळ्यांनी म्हणा," सर म्हणाले.

वर्गानं म्हटलं. हसत हसत म्हटलं. ती बाई कोण, हे वर्गाला ठाऊक होतं. मागच्या बाजाराच्या दिवशी याच सरांच्या घरी तांड्यावरची लमाणीण आली आणि दारातच गळा काढून रडली, ही गोष्ट दारव्ह्यात घरोघर पोचली होती.

माझ्या बाकावर कुसुम बसायची. कोर्टातल्या बाबूची मुलगी. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"हे तुही माय ना वं?"

मी तोंड मिटून बसले. सरांनी ते पाहिलं. मला वाटलं, आता थांबतील.

"पुन्हा," सर म्हणाले. "आवाज चढला पाहिजे. सगळ्यांनी."

सगळ्यांनी. तो शब्द माझ्यासाठी होता.

सर दुष्ट होते असं म्हटलं तर माझं काम सोपं होईल. पण ते खरं नाही. दुष्ट माणसांची आम्हाला सवय होती. बाजारात कुणी "ए लमाणणी, सरक तिकडे" म्हणून खेकसलं की आम्ही सरकायचो आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. विषय संपायचा. दुष्ट माणूस तुम्हाला अंगणाबाहेरूनच हाकलतो, त्याच्यापुढे विश्वासानं मान टाकायची वेळच येत नाही. सरांपुढे मी मान टाकली होती.

ते आमच्या तांड्यावर आपल्या पायांनी आले होते. सायकल पंक्चर, ती हातानं ढकलत, धोतर लाल मातीनं माखलेलं. आमचा तांडा दारव्ह्यापासून दोनेक कोसांवर. आजाच्या काळापर्यंत आम्ही बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी माणसं. बाच्या काळात एका जागी टेकलो, कापूस आणि ज्वारी काढायला लागलो. तांड्यातली पोरं चार बुकं शिकून गुरांमागे जायची. पोरी तेवढंही शिकत नसत. मी शेजारच्या गावातल्या शाळेत भावामागे जाऊन बसायला लागले, भाऊ कंटाळून सुटला, मी राहिले. सातवी झाले. ते सरांच्या कानावर गेलं होतं.

सर नायकाच्या खाटेवर बसले. नायक म्हणजे तांड्याचा कर्ता माणूस, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. सरांनी पाणी मागितलं. आमच्याच लोट्यातलं पाणी ते गटागटा प्यायले. बायका ओढणीआडून एकमेकींकडे बघायला लागल्या. वकील-मास्तरांच्या आळीतला माणूस आमच्या हातचं पाणी पितो, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"ही पोरगी मला द्या," सर म्हणाले. "माझ्या घरी राहील. माझी मुलगी समजून शिकवीन."

नायकानं बाकडे पाहिलं. बानं याडीकडे पाहिलं. आमच्यात आईला याडी म्हणतात. याडीनं माझे केस विंचरायला घेतले. म्हणजे ठरलं.

माझी मुलगी. हे दोन शब्द मी कपाळावरच्या गोंदणासारखे घेऊन हिंडत होते.

सरांच्या घरात मी ओसरीवर झोपायचे. माझी थाळी वेगळी, लोटा वेगळा. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. सकाळी अंगण झाडायचं, सडा घालायचा, काकूंची नातेवाईक मंडळी आली की मागच्या दारानं जायचं-यायचं. सरांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. मला या कशाचंही वाईट वाटत नव्हतं. लेकीनं घरातलं काम करायचंच असतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. वेगळ्या थाळीचं कारण मात्र मी स्वतःला कधी विचारलं नाही.

संध्याकाळी सर ओसरीवर कंदील ठेवून मला इंग्रजी शिकवायचे. "तुझ्या जिभेला भाषा लवकर लागते," म्हणायचे. लागणारच. घरी आमची गोरबोली, शेजारपाजारी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. आणखी एक भाषा म्हणजे मला फार मोठा डोंगर नव्हता. वर्गात माझा उच्चार सगळ्यांत स्वच्छ होता आणि सर तो पाहुण्यांसमोर मिरवायचे. "तांड्यावरची मुलगी आहे, ऐका." मीही ऐकवायचे.

सरांची शिकवण्याची एक पद्धत होती. गावात तिचा बोलबाला होता. पुस्तकातली उदाहरणं त्यांना आवडत नसत. "ती मेलेली वाक्यं," म्हणायचे. ते वर्गातल्या मुलांवरच वाक्य रचायचे. ज्याच्यावर वाक्य, त्यानं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी ते घोकायचं. मुलांच्या डोक्यात व्याकरण फिट्ट बसायचं. कुसुमवर वाक्य आलं ते असं, की तिचं अक्षर इतकं सुंदर आहे की छापायला द्यावं. वकिलांचा मुलगा इतका हुशार, की परीक्षाच त्याला घाबरते. शिंप्याचा मुलगा इतका झोपाळू, की आपलीच बोटं सदऱ्याला शिवून घेईल. तेल्याचा मुलगा इतका तेलकट, की बाकावरून घसरतो. आम्ही पोट धरून हसायचो. शिंप्याचा मुलगाही हसायचा. कुणाच्या वाट्याला कसलं वाक्य येतं, हे मला तेव्हा दिसलं नाही. आपल्या माणसानं केलेली थट्टा आहे, असंच मी धरून चालले होते.

मग त्या बाजाराच्या दिवशी याडी आली.

तिनं ठेवणीतला फेटिया, म्हणजे आमचा घागरा, नेसला होता, आरशांच्या तुकड्यांची कांचळी चोळी घातली होती, दंडापर्यंत बलियांच्या बांगड्या चढवल्या होत्या. डोक्यावर तुपाचं गाडगं. काकू दारात आल्या तशी याडीनं गाडगं खाली ठेवलं, काकूंना मिठी मारली, त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि रडायला लागली.

आमच्यात ही रीत आहे. जिवाभावाचं माणूस भेटलं की बाई त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्या रडण्यात सगळं सांगते. घरात कोण गेलं, कोण जन्मलं, कुठली गाय मेली, तुझी किती आठवण झाली. भेटलेली बाईही तशीच रडून तिचं सांगते. दोघींचं सांगून झालं की डोळे पुसून बसायचं, पाणी प्यायचं. पण हे कुणाहीपुढे नाही. परक्याला राम राम पुरतो. गळ्यात पडून रडायचं ते रक्ताच्या माणसाच्या.

याडी त्या दिवशी रडत काय म्हणत होती, ते मला शब्दन् शब्द कळत होतं. मार भेन, माझ्या बहिणी. माझ्या आईच्या पोटी आम्ही इतक्या जन्मलो, त्यात तू नव्हतीस, आज तुला मी घेतली. माझी पोर तुझ्या पदरात आहे, आता मला रात्री झोप येते.

काकू लाकडासारख्या उभ्या होत्या. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. आळीतली दारं धडाधड उघडली. "काय झालं? कोण गेलं?" वकिलांच्या घरातल्या बाई तर चुलीवरचं पातेलं उतरवून आल्या, सुतक आहे की काय म्हणून. याडी थांबली, डोळे पुसले, हसली, आणि आता काकूंची पाळी म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

काकू म्हणाल्या, "बरं. या आता."

याडी गेल्यावर त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. तूप मात्र ठेवून घेतलं.

त्या दिवशी जेवताना सरांनी मला विचारलं, की हे काय होतं. मी सगळं सांगितलं. रीत सांगितली, याडीचे शब्द मराठीत करून सांगितले. सरांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पाहिलं, म्हणून ठासून सांगते. ते आत वळून काकूंना म्हणाले, "ऐकलंस का? बहीण केलंय त्यांनी तुला." त्या दिवशी मला पहिल्यांदा ते घर माझं वाटलं.

आणि त्यानंतर हे वाक्य. फळ्यावर.

शाळा सुटल्यावर मी सरांना ओसरीवर गाठलं. "सर, ते वाक्य नका ठेवू."

"कुठलं?"

"याडीचं."

सर हसले. प्रेमानंच हसले. "अगं, त्यात कुणाचं नाव आहे का? 'एक बाई' आहे. व्याकरणाला आईबाप नसतात. आणि बघ, पोरं ती रचना जन्मात विसरणार नाहीत."

मी हलले नाही. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बरं बाई, नाही घेणार पुन्हा. शब्द देतो."

मी त्यांच्या पाया पडले.

थंडीत शाळेची तपासणी आली. इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून भिंतींना चुना लागला, फळ्याला काळा रंग दिला, आम्हाला नखं काढायला लावली. हेडमास्तरांची जागा रिकामी होणार होती आणि ती सरांना मिळावी, असं आख्खं गाव म्हणत होतं. सरांनी मला खास तयार केलं. तीच रचना, पण भरजरी. "बोलताना आपण म्हणतो, चंद्र इतका तेजस्वी होता की दिव्याची गरज पडली नाही. पण भारदस्त इंग्रजीत ते 'इतका तेजस्वी' उचलून वाक्याच्या तोंडाशी आणायचं आणि चंद्राला त्याच्या मागे उभं करायचं. सो ब्राइट वॉज दी मून दॅट वी नीडेड नो लॅम्प. साहेबलोक असं लिहितात." मी ते अंगण झाडता झाडता घोकलं. चंद्र होता, दिवा होता, कुणाची आई नव्हती. सरांनी शब्द पाळला म्हणून मी खूश होते.

साहेब आले. खुर्चीत बसले. जांभई दिली. सरांनी मला उभं केलं. मी चंद्राचं वाक्य म्हटलं, एकही अक्षर न चुकता.

"हे पुस्तकातलं झालं," साहेब म्हणाले. "सगळ्या शाळा मला हाच चंद्र दाखवतात."

सरांचा चेहरा उतरला. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय करणार, हे मला तेव्हाच कळलं.

"साहेब, आमच्याकडे जिवंत उदाहरणं असतात," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले. 'सो लाउडली डिड दी वुमन क्राय दॅट दी नेबर्स थॉट समबडी हॅड डाइड.' मग त्यांनी गोष्ट सांगितली. गाडगं, मिठी, काकूंचे लांब धरलेले हात, वकिलीणबाईंचं पातेलं. हातवारे करून सांगितली. साहेबांची झोप उडाली, पोट हलायला लागलं.

"आणि गंमत अशी," सर म्हणाले, "ही बाई म्हणजे हिचीच आई!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

व्याकरणाला आईबाप नसतात म्हणाले होते. साहेब हसावेत म्हणून आता तेच नाव-गाव सांगत होते.

"म्हण बाळ," सर म्हणाले. "साहेबांना तुझा उच्चार ऐकू दे."

मी फळ्याकडे बघत होते. त्या भारदस्त वाक्यात सगळ्यांत आधी 'मोठ्यानं' होतं. मग बाई. मग शेजारी. मग कुणीतरी मेल्याचा समज. सगळं होतं, फक्त ती कशासाठी रडली ते कुठंच नव्हतं. त्या रचनेत परिणामाला जागा होती, कारणाला नव्हती. आणि कारण त्या वर्गात दोनच माणसांना ठाऊक होतं. मला आणि सरांना.

"मी नाही म्हणत," मी म्हणाले.

सर हसले. "लाजते आहे."

"लाजत नाही," मी म्हणाले. माझी पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "माही माय हाय थे. थे काहून रडली, सरांले माहीत हाय. सांगा ना सर. साहेबांले सांगा."

 साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांना एकच वाक्य बोलायचं होतं. ते त्यांच्याकडे तयार होतं, त्या वाक्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं. मी वाट बघितली. खरंच बघितली. मला अजूनही वाटत होतं, की हा माणूस सांगेल.

"खाली बस," सर म्हणाले.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे. कापताना त्यांना ठाऊक होतं. अडाणीपणानं कुणी हसलं असतं तर मी सोडून दिलं असतं. यांना सगळं कळलेलं होतं आणि तरीही यांनी ते साहेबांच्या हसण्यासाठी विकलं.

मी खाली बसले नाही. साहेब उठून दुसऱ्या वर्गात जाईपर्यंत मी तशीच उभी होते.

घरी काकूंनी तोंड सोडलं. "चांगले पांग फेडलेस. इतकं केलं तुझ्यासाठी."

सरांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, "साहेबांसमोर तोंडघशी पाडलंस मला. माफी माग."

"मागते," मी म्हणाले. "आधी तुम्ही याडीची मागा."

"मी? तिची?"

त्या 'तिची'त सगळं आलं. तांड्यावरचं पाणी, माझी मुलगी, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्या एका शब्दात धुऊन निघालं. मी ओसरीवरची माझी पत्र्याची पेटी उचलली, डोक्यावर घेतली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. कुणी हाक मारली नाही.

तांड्यावर पोचले तेव्हा याडी काकूंसाठी तुरीच्या ओल्या शेंगा निवडून फडक्यात बांधत होती. काय सांगावं आणि काय पोटात ठेवावं, याचा मी वाटभर विचार केला होता. फडकं पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. न सांगता राहिले असते तर ती पुन्हा त्या दारात गेली असती.

याडी ऐकत होती. हातातली शेंग हातात.

"ऊ मार भेन कोनी?" तिनं विचारलं. ती माझी बहीण नाही?

"कोनी," मी म्हणाले. नाही.

तिनं फडक्याची गाठ सोडली, शेंगा मडक्यात ओतल्या, चुलीवर उकडायला ठेवल्या. आम्ही त्या खाल्ल्या. बा म्हणाला, झाली तेवढी शाळा पुष्कळ. याडीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून बैलांकडे गेला. मग तिनं मला विचारलं, की उद्या किती वाजता निघावं लागेल.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावरून चालत शाळेत गेले. पायांवर धूळ, पोटात शिळी भाकरी. पहिल्या बाकावर, माझ्या जागेवर बसले. कुसुम जरा सरकून बसली.

सर आले. मला पाहिलं. "तू मागच्या बाकावर जा."

"नाही."

"या शाळेत तुझं नाव मी घातलं आहे, विसरू नकोस."

"घातलं," मी म्हणाले. "आता काढून दाखवा."

 वर्ग सरांकडे बघत होता. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि पुस्तकातूनच शिकवायला सुरुवात केली.

पुढे मी काय शिकले, काय झाले, ते सांगायला हे लिहिलेलं नाही. कुणी म्हणेल, शेवटी इंग्रजी त्यांच्याकडूनच शिकलीस ना? हो, शिकले. त्यांचं इंग्रजी मी शेवटच्या शब्दापर्यंत घेतलं. ती भाषा त्यांच्या वाडवडिलांनीही कुणाकडून तरी घेतलेलीच होती. पण त्यांची मुलगी म्हणून नाही घेतली, पाया पडून नाही घेतली. त्यांनीही पुन्हा माझ्यावर वाक्य केलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

आमच्यावर लिहायला येणारे आजही येतात. आमचं पाणी पितात, खाटेवर बसतात, डोळे ओले करतात. मी त्यांना पाणी देते. पण एक गोष्ट तोंडावर सांगते. आमची बाई किती मोठ्यानं रडली, हे लिहायचं असेल तर ती का रडली, हेही त्याच वाक्यात लिहा, आणि तिला वाचून दाखवा. जमत नसेल तर खडू खाली ठेवा.